गायकाच्या डाव्या हाताला

मैफलीची निमंत्रणपत्रिका एकदा सावकाश वाचून पाहा. वर मोठ्या टाइपात गायकाचं नाव, शेजारी छायाचित्र, त्याखाली गुरू, घराणं आणि मिळालेले पुरस्कार. मग प्रमुख पाहुणे, मग प्रायोजक आणि त्यांची बोधचिन्हं. अगदी तळाशी, ‘काही जागा राखीव’ या सूचनेच्या जरा वर, साथसंगतीची एक ओळ असते. तिच्यात तबला आणि पेटी वाजवणाऱ्यांची नावं असतात, आणि कधी कधी जागा पुरली नाही म्हणून तीही गळतात. सभागृहात निवेदक गायकावर पाच मिनिटं बोलतो, तबल्याला एखादं विशेषण देतो आणि पेटीपर्यंत पोहोचेतो त्याचा दम संपलेला असतो. गायकाच्या डाव्या हाताला बसलेला माणूस नमस्कारासाठी हात जोडतो, तोवर टाळ्या थांबलेल्याही असतात.

वर्षानुवर्षं मैफली ऐकताना माझं लक्ष हळूहळू या माणसाकडे सरकत गेलं. आता तर मी खुर्चीही त्याची बोटं दिसतील अशी शोधतो. तबल्याच्या वाट्याला उपेक्षा कमी आली असं नाही, पण अहमदजान थिरकवा, अल्लारखा, झाकीर हुसेन यांनी तबला रंगमंचाच्या मधोमध आणून ठेवला आणि लोकांनी तो तिथे मान्य केला. पेटीचं तसं झालं नाही. मुंबई-पुण्यापासून कोल्हापूर-बेळगावपर्यंत आणि खाली गोव्यापर्यंतचा टापू तर पेटीवाल्यांचा. या मुलखाने एकाहून एक तयारीचे वादक दिले. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, विठ्ठलराव कोरगावकर, रामभाऊ विजापुरे, अप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर. यांतली किती नावं गाणं ऐकणाऱ्या, पण न शिकलेल्या माणसाला सांगता येतील? आणि ज्याला सांगता येतील, त्याला यांच्यापैकी एकाची बोटं दुसऱ्यापेक्षा वेगळी का, हे सांगता येईल का?

या उपेक्षेचं पहिलं कारण पेटीच्या स्वभावातच आहे. सारंगीतून एक सरळ सूर काढायला महिने जातात, बासरी कित्येक दिवस नुसती फुंकर परत करते, सतारीची तार बोटं कापते. पेटीचं तसं नाही. भाता हलवला, पट्टी दाबली की सूर हजर. शाळेच्या प्रार्थनेला, भजनी मंडळाला, कीर्तनाला, गणपतीच्या आरतीला पेटी चालते. माझ्या घरीही एक जुनी हातपेटी आहे आणि घरात आलेल्या प्रत्येक लहान मुलाने ती वाजवली आहे. ज्या वाद्यात पहिला सूर फुकट मिळतो, त्यात पुढचा प्रत्येक सूर किती महाग आहे हे लोकांना कळत नाही. पेटी ‘येते’ असं म्हणणारे जितके लोक महाराष्ट्रात सापडतील, तितके दुसऱ्या कुठल्याही वाद्याबद्दल सापडणार नाहीत.

पेटी इथली नव्हे, हेही तिच्यावर कायमचं किटाळ. 1840 च्या दशकात पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी पायाने भाता चालवायचं हे वाद्य घडवलं, मिशनऱ्यांबरोबर ते इकडे आलं. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसाला पाय मोकळे कुठले? 1875 च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे नेऊन तो हाताने चालवण्याची सोय केली, आणि वाद्य बैठकीत आलं. पुढे सौराष्ट्रातल्या पालिताण्याला पितळी सूर घडवणारे कारागीर तयार झाले आणि पेटी पुरती इथली झाली. पण हाताने भाता चालवण्याची किंमत वादकाने मोजली: त्याचा डावा हात कायमचा भात्यात गुंतला. पियानोवाल्याला दहा बोटं असतात. आपल्या पेटीवाल्याचं सगळं राज्य उजव्या हाताच्या पाच बोटांवर चालतं.

आणि या पाच बोटांनी करायचं काय? तर वाद्याला जे मुळातच जमत नाही, ते जमल्याचा भास निर्माण करायचा. आपलं गाणं दोन सुरांच्या मधून चालतं. गायक षड्जावरून गंधारावर जातो तेव्हा मधली वाट तो पुसत नाही, त्या वाटेवरच रागाचा जीव असतो. पेटीत ही वाट नाही. एक पट्टी संपली की दुसरी सुरू, मध्ये फट. मींड नाही, आंदोलन नाही. शिवाय सगळ्या पट्ट्यांना सारखेच उपयोगी पडावेत म्हणून बाराही सूर सारख्या अंतरावर लावलेले, म्हणजे गळ्याला हवा असलेला नेमका सूर बहुतेकदा त्यात नसतोच. दरबारीचा गंधार हे याचं नेहमीचं उदाहरण. तो गंधार नेहमीच्या कोमलाच्याही खाली झुलत असतो. पेटीतला कोमल गंधार त्याच वेळी ठणकावून धरला, तर गायकाची अर्ध्या तासाची पुण्याई एका पट्टीने जाते.

अशा वेळी जाणता वादक काय करतो ते पाहण्यासारखं असतं. तो गंधार धरतच नाही. मध्यमाला कण देऊन गंधाराला ओझरता स्पर्श करतो आणि ऋषभावर येऊन थांबतो, किंवा भाता सैल सोडून नुसता षड्ज पाझरता ठेवतो. कधी पहिली पट्टी सुटायच्या आत दुसरी दाबून दोन सुरांच्या कडा एकमेकींत मिसळतो, त्यातून कानाला मींडेचा भास होतो. डावा हात नुसती हवा भरत असतो हाही एक गैरसमज. सुराचा लहानमोठेपणा, त्याचा श्वास, शब्दावरचा हलका आघात, हे सगळं त्या हातात असतं. उजवा हात सूर निवडतो आणि डावा तो सूर बोलता करतो. सुमार वादकाची पेटी एकाच आवाजात ओरडत राहते, चांगल्याची गायकाबरोबर लहान होते आणि गायकाबरोबरच मोठी होते. कुठे वाजवायचं नाही हे ठरवायला जेवढी रागाची जाण लागते, तेवढी वाजवायला लागत नाही. आणि न वाजवलेल्या सुराला दाद द्यायची पद्धत आपल्याकडे नाही.

याहून अवघड भाग पुढेच आहे. गायकाने आज काय गायचं ते पेटीवाल्याला बहुधा मंचावर बसल्यावर कळतं. कधी कधी गायकालाही तेव्हाच कळतं. पट्टी काळी एक की पांढरी दोन, तेही तंबोरे लागताना. स्केल चेंजर पेट्या आल्यापासून ती कसरत थोडी सोपी झाली, पण जुन्या वादकांना सगळ्या पट्ट्यांमधून तीच तान तितक्याच सहजतेने काढावी लागे, आणि प्रत्येक पट्टीत काळ्या-पांढऱ्यांची मांडणी, म्हणजेच बोटांची वाट वेगळी. मग गाणं सुरू होतं. गायक आलाप करतो आणि वादक त्याच्या मागोमाग, पाव क्षणाच्या अंतराने, तीच वाट चालत असतो. अंतर वाढलं तर मागे पडल्यासारखं दिसतं. कमी होऊन शून्याच्या पलीकडे गेलं, म्हणजे गायकाच्या आधी सूर वाजला, तर तो अक्षम्य गुन्हा, कारण गायकाने त्या सुरावर जायचा बेत बदललेला असू शकतो. गायक श्वास घेतो तेव्हा त्याने सोडलेला धागा हातात धरून ठेवायचा, पण विणकाम पुढे न्यायचं नाही. तो पाण्याचा घोट घेतो तेव्हा आवर्तन भरायचं, पण दोन आवर्तनं नाही. तान द्रुतात गेली की बोटं सोडायची, आणि समेच्या आधी ती गोळा करून तबल्याबरोबर नेमकं उतरायचं. पंगतीत वाढणारा जसा कुणाच्या पानात काय सरलंय ते मागण्याआधी हेरतो, वाढतो आणि पुढे सरकतो, तशी ही विद्या आहे. जेवणाऱ्याला वाढप्याचा चेहरा आठवत नाही, पण वाढण्यात हयगय झाली तर जेवण बिघडल्याचं मात्र लगेच कळतं.

आमच्या गावात एक वयस्क पेटीवाले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. बाहेरगावचा गायक आला की साथीला मास्तर ठरलेले. मी एकदा त्यांना विचारलं होतं, “मास्तर, गायक पुढे काय घेणार ते तुम्हाला आधीच कसं कळतं हो?”

मास्तर हसले. म्हणाले, “पुढचं कुठे कळतंय रे! मागचं लक्षात ठेवायचं. पहिल्या दहा मिनिटांत माणूस आपल्या सवयी सांगून टाकतो. कुठे थांबतो, कुठे वळतो, कुठे घाबरतो. तेवढं ऐकलं की झालं.”

‘कुठे घाबरतो’ हे मास्तरांनी अगदी सहज म्हटलं, पण त्या दोन शब्दांत साथीदाराच्या कामाचा एक मोठा, कुणाला न दिसणारा हिस्सा आहे. तार षड्जावर जाताना गायकाचा गळा आज कच खातोय हे सभागृहात सगळ्यात आधी पेटीवाल्याला कळतं. तो त्याच वेळी तार षड्ज भरून ठेवतो, आणि गायक त्या भरलेल्या सुरावर अलगद टेकतो. श्रोते टाळ्या वाजवतात. कशाला वाजवल्या ते मंचावरच्या फक्त दोघांना ठाऊक असतं.

पेटीच्या आधी या जागेवर सारंगी होती, आणि तिची कथा तर याहून कडू आहे. माणसाच्या गळ्याच्या सर्वांत जवळ जाणारं हे वाद्य, तीसहून अधिक तरफा लावायला तासभर घेणारं. गायकाची तालीम सारंगियाच्या कानावरून पिढ्यान्‌पिढ्या गेलेली, त्यामुळे कित्येक घराण्यांची चिजांची पेटी खरं तर सारंगियांकडे असे. अमीर खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ सारंगी वाजवत. बडे गुलाम अली खाँ तरुणपणी स्वतः सारंगी वाजवत. अब्दुल करीम खाँसाहेबांचं किराणा घराणंही सारंगीच्या सावलीत वाढलेलं. म्हणजे ज्या गळ्यांपुढे आपण हात जोडतो, त्यांच्या मुळाशी गज धरलेला हात आहे. पण सारंगी कोठ्यावर वाजते म्हणून ‘सभ्य’ बैठकींना ती नकोशी झाली, आणि लावायला वेळ लागत नाही, कुठल्याही पट्टीला चालते, नाव बदनाम नाही, म्हणून पेटी आली. एका उपेक्षिताच्या जागी दुसरा उपेक्षित येऊन बसला.

राम नारायण यांना हे असह्य झालं. उदयपूरकडचा हा कलावंत लाहोर, दिल्ली अशा रेडिओ केंद्रांवर साथ करत 1949 मध्ये मुंबईला आला. सिनेमाच्या गाण्यांत त्यांनी सारंगी वाजवली. 1954 मध्ये मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये त्यांनी एकट्याने सारंगी वाजवायचा प्रयत्न केला, तर मोठी नावं ऐकायला आलेल्या श्रोत्यांनी तो पुरा होऊ दिला नाही. दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा धीर केला, या वेळी ऐकून घेतलं गेलं, आणि त्यांनी साथ कायमची सोडली. पुढे जग फिरले, पद्मविभूषण झाले. त्यांच्या हिमतीला सलाम करावा तेवढा थोडा. तरीही मनात येतं, की मान मिळवायला त्यांना साथ सोडावी लागली. साथीत राहून तो मिळण्याची वाटच नव्हती.

मराठी संगीत रंगभूमीवर मात्र साथीदारांना काही काळ चांगले दिवस होते. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असत. पडद्यापुढच्या त्या जागेत ऑर्गन आला आणि नाट्यगीताचा घाटच बदलला. ऑर्गन म्हणजे पायपेटी. भाता पायांवर गेला आणि अडकलेला डावा हात सुटला. दोन्ही हातांनी सूर भरता येऊ लागले, नटाच्या गाण्याला घसघशीत बैठक मिळाली. ‘वन्स मोअर’ आला की पद पुन्हा, आणि पुन्हा घेतलेल्या पदात नट नव्या जागा काढणार, त्यामागे ऑर्गनवाल्याने जायचं. पहाटेपर्यंत चालणाऱ्या त्या प्रयोगांनी वादकांची एक पिढी घडवली.

त्या काळाचा सर्वांत मोठा पेटीवाला म्हणजे गोविंदराव टेंबे. आज त्यांचं नाव काढलं तर लोक 1911 च्या ‘मानापमान’च्या चाली सांगतात, 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’तला हरिश्चंद्र सांगतात, त्यांचं संगीतावरचं लेखन सांगतात. हे सगळं खरं आहे. पण भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची साथ करताना त्यांच्या बोटांनी जे कमावलं, त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. त्यांच्या चालींमधून गाणाऱ्याला मोकळी सुटणारी जागा ज्या हाताने ठेवली, तो साथ केलेला हात होता. पु. ल. देशपांड्यांचंही थोडं तसंच. ते पेटी छान वाजवत हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते त्यांच्या लेखनाला लावलेलं एक हौशी तोंडीलावणं म्हणून. गाणाऱ्याच्या शेजारी पेटी घेऊन बसलेल्या पुलंना गाण्याची किती सूक्ष्म समज होती, हे त्यांच्या विनोदाच्या आवाजात बरंचसं बुडून गेलं.

गोविंदराव पटवर्धन हे या परंपरेचं दुसरं टोक. त्यांना लेखनाची, अभिनयाची, संगीत दिग्दर्शनाची दुसरी ओळखच नव्हती. 1925 मध्ये कोकणात जन्मलेला हा माणूस छोटा गंधर्वांच्या पदांना आणि कुमार गंधर्वांच्या ख्यालाला सारख्याच अधिकाराने साथ करी. हे दोन गळे एकमेकांपासून किती लांबचे! एक लाडिक, लयीशी खेळत पद लांबवणारा. दुसरा तुकड्यातुकड्यांनी, मध्येच तोडून, शांततेतून सूर उचलणारा. पहिल्याच्या साथीला भरणा लागतो, दुसऱ्याच्या साथीला संयम. कुमारांच्या मैफलीतल्या ध्वनिमुद्रणांत पटवर्धनांची पेटी मुद्दाम शोधून ऐका. कुमार सूर अर्ध्यावर सोडतात, तेव्हा तो पुरा करायचा मोह कुठल्याही वादकाला होईल. पटवर्धन तो सोडलेला सूर सोडलेलाच ठेवतात. हे नुसत्या बोटांच्या तयारीतून येत नाही.

एवढं सगळं असून हे वादक देशाच्या कानावर का गेले नाहीत? याचं उत्तर एका सरकारी निर्णयात आहे. 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने पेटी बंद केली. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध आधीच लिहिलं होतं. रवींद्रनाथांचा तिच्यावर राग होता, नेहरूंना ती आवडत नसे. आक्षेप संगीतशास्त्राचे होते आणि त्यातले बरेच खरेही होते: मींड नाही, श्रुती नाहीत. पण व्हायोलिनही परदेशीच, ते राहिलं. स्वातंत्र्य आलं, इंग्रज गेले, पेटीची बंदी राहिली. बाळकृष्ण केसकरांच्या मंत्रिपदाच्या काळात तर रेडिओची शिस्त आणखी कडक झाली. 1971 मध्ये बंदी उठली, तीही साथीपुरती आणि अटी घालून.

ही 31 वर्षं म्हणजे नेमकी कोणती वर्षं, हे लक्षात घेतलं पाहिजे. भारतीय संगीत दरबार आणि बैठकीतून घराघरांत पोहोचलं ते याच काळात, आणि पोहोचवलं ते रेडिओने. कलावंतांची श्रेणी रेडिओ ठरवी, नाव रेडिओ घडवी, ध्वनिमुद्रणं रेडिओ जपे. अप्पा जळगावकरांचा जन्म 1922 चा. पेटी रेडिओवरून गेली तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते, परत आली तेव्हा पन्नाशीला टेकले होते. पटवर्धनांची तर मिसरूड फुटण्यापासून शेहेचाळिशीपर्यंतची सगळी वर्षं त्या बंदीत गेली. बैठकीत ज्यांच्याशिवाय गायकांचं पान हलत नव्हतं, ते वादक रेडिओच्या दप्तरात जवळजवळ नाहीतच. गायक तोच, राग तोच, पण रेडिओवर गाताना त्याच्या डाव्या हाताची जागा रिकामी किंवा दुसऱ्या कुणाची.

तबकड्यांनी तरी भरपाई केली का? 1902 मध्ये इथे ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा गौहरजान गाणं संपल्यावर स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारत असे, म्हणजे परदेशातल्या कारखान्यात लेबल लावताना घोटाळा होऊ नये. त्या पुकाऱ्यात साथीदाराला जागा नव्हती, आणि पुढे बहुतेक लेबलांवरही ती झाली नाही. तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या असंख्य तबकड्यांवर पेटी स्पष्ट ऐकू येते, सुंदर ऐकू येते, आणि वाजवणारा कोण ते कायमचं हरवलेलं आहे.

साथीचा आणखी एक प्रकार आहे, त्याच्याइतका निरपेक्ष प्रकार मला संगीतात दुसरा माहीत नाही. एकट्या तबल्याचा कार्यक्रम असतो, तेव्हा पेटीवाला लेहरा धरतो. लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनाएवढी छोटी सुरावट, तीनतालात 16 मात्रांची. ती तो वाजवतो. पुन्हा वाजवतो. तबलजी पेशकार मांडतो, कायद्याचे पलटे उलगडतो, आडीत जातो, लय फसवी करतो, रेला सोडतो, चक्रदार घेऊन समेच्या अलीकडे-पलीकडे उतरल्याचा भास निर्माण करतो. लेहऱ्याने हलायचं नाही. एका आवर्तनाला 10 सेकंद धरली तरी तासाभरात तीच ओळ 360 वेळा वाजते, आणि 360 व्या वेळी तिची लय पहिल्या वेळेइतकीच पक्की असावी लागते. तबलजी जेवढा मोठा, तेवढा तो लेहऱ्यापासून दूर जाण्याचं धाडस करतो, आणि हे धाडस त्याला परवडतं ते लेहरा जागचा हलणार नाही या खात्रीवर. समेवर दोघं भेटतात तेव्हा सभागृह तबलजीच्या नावाने उसळतं. खरं तर फिरून आलेला तबलजी आणि जागेवर उभा राहिलेला लेहरा, दोघांनी मिळून ती सम घडवलेली असते. ज्याला यात शंका वाटते त्याने मेट्रोनोम बंद करून एकच ओळ पाव तास सारख्या लयीत वाजवून पाहावी.

मग पेटीवाल्यांनीही राम नारायण यांच्यासारखं एकट्याने वाजवावं का? काहींनी वाजवलं, आणि उत्तम वाजवलं. पी. मधुकर म्हणजे मधुकर पेडणेकर यांच्या पेटीच्या तबकड्यांनी नाट्यगीतं शब्दांशिवाय घरोघर नेली. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर गोव्यातल्या बोरीचे. साथीत आयुष्य घालवूनही त्यांनी एकलवादनाची पेटी कशी बोलावी याचा नमुना घालून दिला. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती, आणि दोनच वर्षांनी ते गेले. नागपूरकडच्या मनोहर चिमोटे यांनी पेटीला तारा जोडून तिला संवादिनी या नावाने एकलवादनाचं वाद्य म्हणून उभं केलं. डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुती देणारी पेटी घडवून जुन्या आक्षेपालाच उत्तर शोधलं. हे सगळे प्रयत्न मोलाचे आहेत, आणि ते आणखी व्हावेत.

पण माझा मुद्दा याच्या पलीकडचा आहे. एकट्याने वाजवलं तरच वादक मोठा, ही कसोटीच मला अपुरी वाटते. एकलवादक आपला राग निवडतो, लय ठरवतो, आपल्या जमणाऱ्या वाटांनी जातो, न जमणाऱ्या टाळतो. साथीदाराला यातलं काहीच हातात नसतं. दुसऱ्याच्या मनात आत्ता, या क्षणी, जन्माला येणारा सूर त्याला आपल्या बोटांतून उतरवायचा असतो, आणि तोही उजळणी न करता. यासाठी लागणारी तयारी एकलवादनापेक्षा कमी नाही. ती वेगळी आहे आणि तिला मोजायला वेगळा कान हवा. रामभाऊ विजापुऱ्यांनी बेळगावात बसून गवयांच्या अनेक पिढ्यांना साथ केली. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या गाण्याचा आराखडा त्या एका माणसाच्या बोटांत साठलेला होता. असं ज्ञान कुठल्याही एका गायकाकडे नसतं. गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या अरविंद थत्त्यांसारखा माणूस आयुष्य पेटीला देतो, ते तिच्यात बुद्धीला पुरेल एवढं खाद्य असतं म्हणूनच ना?

यावर कुणी म्हणेल, की साथीदाराने दिसू नये हाच तर साथीचा धर्म. तो दिसला, म्हणजेच चुकला. हे अर्धं खरं आहे. गायकाच्या आड येणारा, मिळेल त्या फटीत आपली तयारी दाखवून टाळ्या खाणारा पेटीवाला मलाही नको आहे. पण त्याने स्वतःला मागे ठेवायचं ते वाजवताना. पत्रिका छापणाऱ्याने, मानधन ठरवणाऱ्याने, ध्वनिमुद्रणाचा तपशील लिहिणाऱ्याने त्याला मागे ठेवण्याचं कारण नाही. मास्तरांच्या बाबतीत मी पाहिलं आहे: कार्यक्रम संपला की गायकाला न्यायला मोटार उभी असे, आणि मास्तर पेटी खांद्याला लावून शेवटच्या एसटीची वेळ विचारत असत. त्यांच्या विनयाचा फायदा घेतला जात होता, आणि त्याला नाव परंपरेचं होतं.

म्हणून मागणं अगदी साधं आहे. पत्रिकेत साथीदारांची नावं वर घ्या, पूर्ण घ्या. यूट्यूबवर जुनी मैफल चढवताना पेटी आणि तबला कुणाचा ते शोधून लिहा. ज्यांना आवाजावरून ओळखता येतं असे कान अजून आपल्यात आहेत, ते आहेत तोवर विचारून घ्या. साथीचे तास संगीत विद्यालयांत वेगळे शिकवा, स्पर्धांत साथीला वेगळं बक्षीस ठेवा. आणि वाचकहो, घरी तुमच्या आवडीच्या गायकाची एखादी मैफल असेलच. ती एकदा लावा आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या समेपर्यंत गायकाला सोडून फक्त पेटी ऐका. गाणं तर तुम्हाला पाठ आहे. ते कुणी कुणी मिळून उभं केलं, ते त्या दिवशी कळेल.